जांभळ्या घरासमोर

परशरामला घर होतं, पण पत्ता नव्हता. पत्ता होता तो समोर राहणाऱ्या चुलतभावाचा, भरमूचा. अख्खी पिरनवाडी परशरामचं घर एकाच खुणेनं सांगे, "भरमू अण्णांच्या घरासमोर." एकदा तर मंगलनं, म्हणजे परशरामच्या सख्ख्या बायकोनं, कुरिअरवाल्याला फोनवर हेच सांगितलं. परशरामनं ते पार्सल आठवडाभर उघडलं नाही. त्यात त्याचाच शर्ट होता.

यंदा कैक वर्षांनी गावची लक्ष्मीयात्रा ठरली. यात्रा म्हणजे घरोघरी पाहुणे, आणि पाहुण्यांच्या आधी घरोघरी रंग. यात्रेत आपलं घरच खुणेचं करायचं, असा परशरामनं चंग बांधला.

पेंटर भावकूनं रस्त्याकडच्या भिंतीवर नमुन्याचे चौकोन मारले. पिस्ता, बदामी, आकाशी, आणि डब्यात उरला होता म्हणून जांभळा. तेवढ्यात समोरच्या कट्ट्यावरून, हातात चहाची बशी घेऊन, भरमू बोलला,

"परशा, पिस्ता लई झ्याक दिसतंय बघ. डोळं निवलं."

परशरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण आपल्या दारात बसणार, म्हणजे आपल्याला दिसणार भरमूचं घर. आपलं घर बघत बसणार भरमू. खर्च आपला आणि डोळे त्याचे निवणार!

"भावकू, पिस्ता पूस."

दुसऱ्या दिवशी भरमूला बदामी आवडला. बदामी गेला. आकाशीकडं बघून त्यानं नुसती मान हलवली. ती कोणत्या अर्थानं, हे न विचारताच आकाशीही गेला. जांभळ्याकडं बघून मात्र भरमूनं बशी खाली ठेवली आणि तो मुकाट्यानं आत गेला.

"ह्योच," परशराम म्हणाला.

"अण्णा, ह्यो दुकानाच्या शटरला आणलता," भावकू म्हणाला.

"मार."

घर रंगल्यावर मंगल अंगणात उभी राहून बघत राहिली. "अवो, वांग्यात ऱ्हायला आल्यागत वाटतंय."

"तुला आतनं कुठं दिसतंय? त्येला दिसतंय न्हवं!"

यात्रेच्या दिवशी परशराम तो कुरिअरचा शर्ट घालून दारात उभा राहिला. गल्लीच्या तोंडाशी एक पाहुणा फोनवर ओरडत होता, "व्हय, व्हय, जांभळं घर लांबनंच दिसलं!"

परशरामची छाती फुगली. "या या, पावनं!"

"भरमू अण्णांचं घर ह्येच्या समोरचंच न्हवं? लई सोपी खूण सांगितली बघा."

परशरामनं हातानं समोर दाखवलं. दुपारपर्यंत तो दाखवतच राहिला. जांभळं घर दिसलं की येणारा प्रत्येकजण आपसूक पाठ फिरवून भरमूच्या दारात चपला काढत होता. त्यात मंगलचा थोरला भाऊही होता. तो मटण दुसऱ्यांदा वाढून घेत असताना मंगलला समोरच्या खिडकीतून दिसला.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. तो नाक्यावर उतरला होता. "आक्का, सगळ्यांनी घरं रंगवल्यात म्हणं. तुमचं कुठलं गं?"

मंगलनं नवऱ्याकडं बघितलं. "काय सांगू? जांभळं?"

"जांभळं म्हणू नको," परशराम घाईनं म्हणाला. "भरमू अण्णांच्या घरासमोर म्हणून सांग."