देवी डॉक्टरची फटफटी

मित्रांनो, नागपूरजवळ वाडीला ट्रकांच्या गोदामांमागे एक गंजलेली फटफटी भिंतीला टेकून उभी आहे. ती मी. माझा जन्म विलायतेतला. मँगनीजच्या खाणीवरचा एक गोरा साहेब मला बोटीने इकडे घेऊन आला आणि मायदेशी परतताना विकून गेला. १९६२ साली मी शालिकराम यांच्या घरी आले.

शालिकराम सरकारी नोकरीत होते. गावोगाव जाऊन ते देवीची लस टोचत. तुम्ही देवीचा रोग पाहिलेला नाही, हे तुमचे भाग्य. त्या रोगाने माणसे मरत. जी वाचत त्यांच्या तोंडावर वण राहत, काहींचे डोळे जात. लोक शालिकरामांना 'देवी डॉक्टर' म्हणत. लस बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवावी लागे. बर्फ वितळला आणि लस तापली की ती निकामी होई. नागपूरच्या उन्हाळ्यात बर्फ किती टिकणार? म्हणून शालिकरामांना माझा वेग फार आवडे. थोपटून म्हणत, "पळ वं माझी बाई!" मी पळत असे.

पण मला एक दुखणे होते. माझे इंजिन चांगल्या पेट्रोलसाठी घडवलेले होते. त्यात पिस्टन वर येऊन पेट्रोल आणि हवा घट्ट दाबत असे. त्या दाबातूनच माझा जोर यायचा. इथले पेट्रोल हलके, कधीकधी रॉकेल मिसळलेले. एवढा दाब त्याला सोसत नसे. ते अवेळी भडके आणि आत पिस्टनवर हातोडा मारल्यासारखे टकटक वाजे. चढावर तर ती टकटक बाहेर उभ्या माणसालाही ऐकू जाई.

धोंडबा मिस्त्रीने ती ऐकली. तो नागपुरातल्या इंदोऱ्यात छोटे गॅरेज चालवत असे.

"शालिकराम, हे पेट्रोल इले पचून नाही राहिलं," तो म्हणाला. "सिलिंडरच्या खाली एक जाड प्लेट टाकू. सिलिंडर वर उचलला जाईल, दाब कमी होईल. जोर थोडा जाईल, पण पिस्टन वाचंल."

"नाही गा धोंडबा. मले जोरच पाहिजे. बर्फ थांबते का कोणासाठी?"

"फुटली तं?"

"नाही फुटत. विलायती आहे ते."

मी टकटक करत राहिले. मला दुसरी भाषा येत नव्हती.

पुढच्या मे महिन्यात मौद्यापलीकडच्या एका गावाहून निरोप आला. बायजाबाई नावाच्या बाईच्या मोठ्या मुलाला देवी आल्या होत्या. धाकटी पंचफुला तीन वर्षांची होती आणि तिला लस टोचलेली नव्हती. रोगाची लागण झाल्यापासून तीन दिवसांच्या आत टोचली तर ती वाचण्यासारखी होती. त्यातले दोन दिवस निरोप पोचण्यातच गेले होते.

शालिकराम सकाळीच निघाले. वाटेत एका पिंपातून पेट्रोल भरले. त्याला रॉकेलचा वास होता, पण थांबायला वेळ नव्हता. ऊन चढले तशी माझी टकटक वाढली. शालिकरामांनी ती ऐकली, हे मला ठाऊक आहे, कारण क्षणभर वेगाच्या मुठीवरचा त्यांचा हात सैल पडला. मग त्यांनी थर्मासकडे पाहिले आणि मूठ पुन्हा पिळली. मौद्याच्या अलीकडे माझ्या पिस्टनला भोक पडले. धूर निघाला आणि मी थांबले.

दुपारपर्यंत रस्त्याने एकही गाडी आली नाही. शेवटी ते बैलगाडीतून गेले, मी बाभळीखाली पडून राहिले. पुढचे मला धोंडबाच्या गॅरेजात त्यांच्याच तोंडून कळले. बर्फाचे पाणी झाले होते. तरी त्यांनी लस टोचली. लस उठली नाही, टोचल्या जागी फोड आलाच नाही. नवी लस पोचेपर्यंत पंचफुलाला ताप चढला होता. ती जगली, पण तिचे दोन्ही डोळे गेले.

"बायजाबाईनं इचारलं, डाक्टर, काहून उशीर झाला?" शालिकराम सांगत होते. "म्या खरं सांगतलं. मिस्त्री सांगून राहिला होता, म्या आयकलं नाही."

धोंडबाने भोक पडलेला पिस्टन पुसून बाजूला ठेवला.

"टाक ते प्लेट," शालिकराम म्हणाले.

प्लेट बसली, नवा पिस्टन बसला. टकटक गेली, आणि तिच्याबरोबर माझा दिमाखही. सायकलस्वार सोडले तर सगळे मला मागे टाकत. चढावर शालिकराम उतरून मला ढकलत. ऑफिसातले लोक हसत, "देवी डॉक्टर, फटफटी चालवता का फिरवता?" मी मात्र पुढच्या बारा वर्षांत वाटेत एकदाही बंद पडले नाही. शालिकराम आता पहाटेच निघत आणि बर्फ दुप्पट घेत.

मग देशातून देवी गेली. ऑफिसात सत्कार ठेवला होता. शालिकराम तिकडे गेले नाहीत. त्या दिवशी ते मला घेऊन बायजाबाईच्या अंगणात गेले. पंचफुला पंधरा वर्षांची झाली होती, ओट्यावर तूर निवडत बसली होती. माझा आवाज ऐकून तिने मान वर केली.

"डाक्टर, तुमची गाडी काहून इतकी हळू येते?"

"तिचा दाब कमी केला, बाई. आता हळू येते, पण पोचते."

हातातली तूर पंचफुलाने सुपात टाकली.

"तवाच हळू आले असते तं चाललं असतं ना, डाक्टर."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. शालिकराम माझ्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. परतताना त्यांनी वाटेत दोनदा मला थांबवले आणि रस्त्याच्या कडेला नुसतेच बसून राहिले.

१९८३ साली ते गेले. त्यांच्या पत्नीने, गोपिकाबाईंनी, मला वाडीच्या एका गोदामवाल्याला दिले. त्याने दोन महिने वापरले, मग इथे आणून ठेवले. माझी टाकी सडली आहे, चाकांत गवत वाढले आहे. कोणी विचारत नाही आणि त्याचे मला फारसे वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, शिलाईचे मशीन असेल, विहिरीवर पंप असेल. त्याचा आवाज बदलला तर थांबा. जाणता माणूस काही सांगत असेल तर घाईत असलात तरी ऐका. यंत्राला बोलता येत नाही, ते फक्त वाजते. तुम्ही ऐकले नाही तर यंत्र मोडेल, ते पुन्हा दुरुस्तही होईल. पण त्या दिवशी तुमची वाट पाहत कोण बसले असेल, हे यंत्राला माहीत नसते; ते तुम्हालाच ध्यानात ठेवावे लागते.