काटेसाहेब मशीन घेतात

"हे इतकं हलकं कसं?"

काटेसाहेबांनी पांढरं शिलाई मशीन काउंटरवरून दोन्ही हातांनी उचललं आणि दुकानाच्या मालकिणीकडे असं पाहिलं, जणू आतलं लोखंड काढून तिनेच घरी नेलं होतं.

"काका, घरच्या घरी शिवायला हलकंच बरं," ती म्हणाली. "टेबलावर काढायचं, काम झालं की कपाटात. जड असलं की काढायचा कंटाळा येतो आणि मग त्याच्यावर धुणं वाळत पडतं."

"हलकं मशीन चालताना सरकतं. टेबलभर नाचेल हे."

त्यांनी ते खाली ठेवलं. ठेवताना धाप लागली, ती त्यांनी खोकल्यात लपवली. शेजारी उभ्या असलेल्या बायकोने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि दुसरीकडे पाहिलं.

साहेबांची सगळी नोकरी वजनमापं खात्यात गेली. ताजव्याखाली चिकटवलेलं चुंबक, बुडातून पोखरलेलं वजन, आतून ठोकलेलं तेलाचं माप, असलं सगळं त्यांनी नुसत्या नजरेनं पकडलं होतं. ते गल्लीत शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत "काटेसाहेब आले" अशी कुजबुज व्हायची. ते निवृत्त झाले, नजर मात्र झाली नाही. दूधवाल्याने माप भरून वर धार सोडली, तर ती का सोडली याचा विचार करत ते दुपारपर्यंत बसायचे.

आणि सध्या त्यांचा संशय घरातच येऊन बसला होता.

उभ्या जन्मात बटणापलीकडे सुई न धरलेली बाई या वयात म्हणते, मला शिवण शिकायचंय, छंद म्हणून! साहेबांना यात काहीतरी काळंबेरं दिसत होतं. दुपारी ते आडवे झाले की ती आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. बोटांना सदा चिकटपट्टी. विचारलं की, "भाजी चिरताना लागलं." न्हाणीघराजवळचा वजनकाटा एक दिवस दिसेनासा झाला. "लेकीने नेला, तिला हवा होता." आणि लेकीचा फोन आला की ही बोलत बोलत गॅलरीत जायची.

साहेबांनी निष्कर्ष काढून ठेवला होता. ही लोकांचे कपडे शिवायला घेणार. म्हणजे नवऱ्याच्या पेन्शनमध्ये भागत नाही, हे चारचौघांत जाहीर होणार. आयुष्यभर ज्या माणसाने कुणाकडून सुपारीचं खांडही घेतलं नाही, त्याच्या दारावर 'ब्लाउज शिवून मिळतील' अशी पाटी लागणार. त्या पाटीच्या विचारानेच त्यांची झोप उडाली होती, म्हणूनच ते आज सोबत आले होते.

"हे दुसरं काय?" त्यांनी पलीकडच्या चकचकीत मशीनकडे बोट दाखवलं. त्याला पडदा होता, खंडीभर बटणं होती.

"ते नका घेऊ," मालकीण म्हणाली. "त्यात फुलंपानं, वेलबुट्टी, सगळं आहे. लोक चार दिवस हौसेने काढतात, मग जन्मभर सरळ टीप आणि झिगझॅग. काज करता आलं म्हणजे झालं. साधं घ्या."

महागाचं नको म्हणते, म्हणजे स्वस्तातल्यात हिचा फायदा जास्त असणार, अशी नोंद साहेबांनी मनात केली.

बायको मात्र पुढे सरकली होती. "याचा वेग कमी करता येतो का हो? माझा पाय पायडलवर जोरात पडला तर?"

"ही कळ आहे ना, कासवाच्या चित्रावर ठेवा. कितीही दाबा, सावकाशच चालेल."

"आणि बॉबिनमधला दोरा संपत आला की कळतं?"

"वरून पारदर्शक झाकण आहे, दिसतं."

"जाड कापडाला अडत नाही ना? म्हणजे पँटच्या कमरेला वगैरे, जिथे चार पदर येतात तिथे?"

साहेबांनी भुवया उंचावल्या. "अगं, तुला पँटच्या कमरेचं काय पडलंय? तू तर उशांचे अभ्रे शिवणार होतीस."

"सहज विचारलं."

"घरचं कापड आणलंय का, काकू?" मालकिणीने विचारलं. "आमच्या कडक चिंधीवर सगळीच मशीनं गुणाची असतात. जे शिवणार आहात, त्याच्यावर चालवून बघा."

बायकोचा हात पिशवीत गेला आणि तिथेच राहिला. "अहो, बाहेरून पाण्याची बाटली आणता का? घसा सुकलाय."

"निघताना घेऊ," साहेब म्हणाले आणि खुर्ची ओढून काउंटरला चिकटून बसले. झडतीच्या वेळी व्यापारी असाच चहाला बाहेर नेऊ बघायचा.

इलाज नव्हता. तिने पिशवीतून कापडाच्या लांबट पट्ट्या काढल्या. एक राखाडी, जाडसर. दुसरी पातळ, निळी उभी रेघ, तिला चिकटून पांढरी बारीक रेघ. मालकिणीने निळी पट्टी दुमडून सुईखाली घातली, पायडल दाबलं. टीप सरळ पडली. पट्टी पुढे धरता धरता तिची नजर वर गेली आणि साहेबांच्या छातीवर थांबली. निळी उभी रेघ, तिला चिकटून पांढरी. तिने दोरा तोडला आणि पट्टी काकूंना परत दिली.

साहेबांनी मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. शर्ट कुठेही फाटलेला नव्हता. मग ही पट्टी आली कुठून?

"हेच द्या," बायको घाईघाईने म्हणाली. साहेबांनी पहिल्यांदाच हुज्जत घातली नाही.

घरी आल्यावर त्यांनी आतल्या खोलीचं दार लावलं आणि शर्ट काढून उलटा केला. दोन्ही कुशींना हातशिवण होती. जुन्या शिवणीच्या भोकांची रांग काही ठिकाणी अजून दिसत होती आणि तिच्यापासून बरीच आत नवी शिवण. बाकी ठिकाणी मधलं कापड कापून काढलेलं. त्यांनी राखाडी पँट काढली. मागून कमरेला तेच. मग चेक्सचा शर्ट, मग दुसरा. कपाटातला एकेक कपडा उलटा करत ते पलंगावर टाकत गेले. सगळे माप मारलेले.

मग ते आरशासमोर उभे राहिले. बनियनच्या आत एक अनोळखी, वाळलेला माणूस होता.

कपडे नीट बसत होते म्हणून त्यांनी त्या माणसाकडे कधी पाहिलंच नव्हतं. वजनकाटा का गेला, फोन गॅलरीत का जातो, मागे दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवून मायलेकींना आत का थांबवलं, सगळं एका दमात समोर आलं. "जरा अशक्तपणा आहे, बाकी काही नाही," असं दोघी बाहेर येऊन म्हणाल्या होत्या. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाने तेवढं एक वाक्य मुकाट्याने खरं मानलं होतं. मानायचंच होतं त्यांना.

ते घाबरले. पलंगावर, कपड्यांच्या ढिगाशेजारी बसले. मग राग आला. माझ्याच घरात, माझ्याच अंगावर खोटं माप! त्यांनी शर्ट मुठीत आवळला. शिवण बोटांना लागली. बारीक बारीक टाके, कुठे सरळ, कुठे ओढलेले, एका ठिकाणी रक्ताचा धुऊन फिका झालेला ठिपका. दुपारच्या झोपेत ते घोरत असताना बंद दाराआड ती बाई हे करत बसली होती. नवऱ्याला धास्ती लागू नये म्हणून. त्यांचा राग गेला आणि त्यांना रडू आलं.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. बायको जेवणाच्या टेबलावर मशीन ठेवून सुईत दोरा ओवायची खटपट करत होती. साहेबांच्या अंगात पांढरा शर्ट होता, कपाटात तळाशी ठेवलेला, तिच्या हातून सुटलेला. खांदे दंडावर उतरले होते. कॉलरमध्ये मान हलत होती.

तिने पाहिलं आणि दोरा तिच्या हातातून सुटला.

"हा राहिला होता," साहेब म्हणाले. "सैल होतोय."

तिने सुटलेला दोरा उचलला. मग हळूच म्हणाली, "धुऊन धुऊन ताणला असेल."

नुसत्या नजरेनं खोट पकडणाऱ्या माणसाने तिच्याकडे पाहिलं. दोऱ्याचं टोक पुन्हा पुन्हा सुईचं भोक चुकवत होतं.

"असेल," ते म्हणाले. "कापड काही खरं नसतं हल्ली."

त्यांनी सुई ओवून दिली आणि दोन्ही हात किंचित वर उचलून तिच्यासमोर उभे राहिले. तिने टाचण्या घेतल्या, कुशीजवळचं कापड चिमटीत धरलं.

"जरा जास्तच घे," साहेब म्हणाले. "पुन्हा पुन्हा नको उसवायला."

तिने ऐकलं नाही. आज सैल होतं तेवढंच धरून तिने टाचणी टोचली.