रंगाचं वजन

"टॉर्च हलव नाका गे," विमानाच्या पोटातून गोकुळदास म्हणाला.

टॉर्च कुठला हलतोय? चंद्रावतीनं तो दोन्ही हातांनी धरला होता आणि कोपरं सीटच्या कडेला टेकवली होती. हलत होती ती लाल वायर, गोकुळदासाच्या चिमटीतली. समोरच्या पट्टीवर बटण होतं, बटणाच्या मागे भोक होतं, त्या भोकात वायर घालायची होती. एवढंच काम. तीन वेळा वायर भोकाच्या आजूबाजूला फिरून परत आली. चौथ्या वेळी कशीबशी आत शिरली, तेव्हा त्यानं श्वास सोडला आणि कपाळावरचा घाम बाहीला पुसला.

"हललो म्हाज्यान," दोष आपल्यावर घेत चंद्रावती म्हणाली.

"तेंच म्हणतां मी," तो म्हणाला आणि पुढची वायर शोधू लागला.

खाणीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता हा माणूस. डंपर बंद पडला की साहेब दुसऱ्या कुणाला बोलवायचे नाहीत. अंधारात, पावसात, गुडघाभर तांबड्या चिखलात उभं राहून यानं वायरी जोडल्या होत्या. खाण बंद झाली, गोकुळदास घरी बसला, आणि पंधरा दिवसांत काजूच्या बागेतला मांगर, म्हणजे सामानाचं खोपट, रिकामा करून त्यात त्यानं विमान बांधायला घेतलं. चंद्रावतीला वाटलं, वेळ जात नाही माणसाचा, जाईल महिना-दोन महिने. अकरा वर्षं गेली. एका माणसाचं विमान. ॲल्युमिनियमच्या नळ्या, वर कापड, शेपूट पातळ प्लायवूडचं, आणि इंजिन बेळगावहून आणलेलं, कुणीतरी वापरून टाकलेलं. मोप्याला विमानतळ होणार म्हणून तेव्हा गाजत होतं, म्हणून गावानं मांगराचं नाव मोपा ठेवलं. गोकुळदास सकाळी कमरेला हत्यारं लावून निघाला की मुळगावच्या तिठ्यावर कुणीतरी विचारणारच, "बाब, आज कितले वाजता सुटता?" तोही हसून म्हणायचा, "तुजी सीट बूक करून दवरलीय."

हसण्यावारी होतं तोवर चंद्रावतीचीही काही तक्रार नव्हती. पण यंदा विमान खरोखरच पुरं होत आलं. परवानगीचा कागद दिल्लीहून आला नाही, यायची आशाही नव्हती. मोपाचा खरा विमानतळ झाल्यापासून वरचं आकाश कुणाला मोकळं उरलंय? गोकुळदासानं मग कागदाची वाट पाहणं सोडून दिलं. बंद खाणीचा ट्रकांचा रस्ता सरळसोट होता, रुंद होता. तुळशीचं लग्न झालं की येणाऱ्या आयतवारी, रविवारी, तिथून उडायचं, माडांच्या वरून एक फेरी मारायची आणि उतरायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. वजन कमी हवं म्हणून रात्रीचा भात बंद केला. बेचाळीस इंचांची पँट कमरेला गोळा करून बांधू लागला.

आणि हात कापत होते. म्हापशाच्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या होत्या, वाहन चालवू नका म्हणून बजावलं होतं. गोकुळदासानं दुसऱ्या दिवसापासून स्कूटर चालवली नाही. "स्कूटर चालवची ना म्हणून सांगलां तेणें," तो म्हणाला. "विमानाचें नांव काडूंक ना."

चंद्रावती रडली, भांडली, दोन दिवस बोलली नाही. मुलाला, सिद्धेशला, दुबईला फोन लावला. तो म्हणाला, बाबा माझं कधी ऐकतात का? मग तिनं हात टेकले.

रंगाला बाळासो आला. चंदगड तालुक्यातला माणूस, वीस वर्षं खाणीचे ट्रक रंगवत इथेच राहिलेला. गोकुळदासानं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं: पुट्टी नको, रंगाचे दोनच हात, तेही पातळ, सगळा मिळून चार किलोच्या वर रंग जाता कामा नये. बाळासोनं मान डोलावली, पण तोंड कडू करून. बिनपुट्टीचा रंग त्याच्या हातून आजवर निघाला नव्हता.

"तोंड न धुताच नवरदेव बोहल्यावर चढवायचा म्हणा की," तो चंद्रावतीला म्हणाला.

सोमवारी गोकुळदास वायरींच्या टोकांना लावायच्या क्लिपा आणायला डिचोलीला गेला आणि चंद्रावती बाळासोचा चहा घेऊन मांगरात आली. पुढच्या भागात वायरींचा पसारा होता. त्याची धूळ ओल्या रंगावर बसू नये म्हणून बाळासोनं मधे ताडपत्री बांधली होती. ताडपत्रीच्या मागे तो आणि शेपूट.

"बाळासो, एक काम सांगतंय. कोणाक सांगू नाका."

"सांगा की काकी."

"रंग जाड मार. पुट्टी भर. फुडें नाका, त्यांका दिसतलें. हांगा, शेपटेक मार. इतलो जड कर, की तें उठूंकच जायना."

बाळासोनं चहा खाली ठेवला. "काकी, मालकांनी दोनच हात सांगितल्यात. नंतर मला शिव्या घालतील ओ."

"शिव्या खा," चंद्रावती म्हणाली. "पाया पडतंय तुज्या. म्हाका घोव जितो जाय."

नवरा जिवंत हवा, एवढंच तिचं मागणं होतं. बाळासोनं ब्रश डब्याच्या काठाला निथळवला. त्यानंही गोकुळदासाचे हात पाहिले होते. त्याच्यासमोर एकदा स्क्रू तीनदा पडला होता. "बरं," तो शेवटी म्हणाला. "जावा तुम्ही."

त्या आठवड्यात त्यानं शेपटीला पुट्टी भरली, घासली, परत भरली. वर रंगाचे सहा हात. शेपूट असं गुळगुळीत झालं की त्यात चंद्रावतीला आपला चेहरा दिसला. तिला कित्येक महिन्यांनी झोप लागली. देवापुढे दिवा लावताना ती पुटपुटायची, आयतवारी इंजिन सुरू होईल, विमान धावेल, उठायचं नाही, चार लोक हसतील, आणि संपलं एकदाचं. हसेनात का. हसण्यानं कुणी मेलं नाही अजून.

शुक्रवारी दुपारी तिघं जेवायला बसली. माशांचं हुमण होतं, भात होता. गोकुळदासाच्या पानात मूठभरच. आज तो कधी नव्हे ते बोलत होता. जेवता जेवता त्यानं हुमणातला डाव उचलला, धुऊन पुसून घेतला आणि वाटीजवळ दांड्याखाली बोट लावून तो बोटावर तोलायला लागला. डाव थरथरला, पण एका जागी ठरला.

"हें विमान म्हण," तो बाळासोला म्हणाला. "फुडें जड जालें, तर तें उठचेंच ना. धांवता, धांवता, रस्तो सोंपता. काय जायना माणसाक. पूण मागल्यान जड जालें..." त्यानं डाव जरा मागे सरकवला. डावाची वाटी, म्हणजे विमानाचं नाक, वर गेली आणि डाव मागे पडला. "मागल्यान जड जालें, तर तें उठता. बेगीन उठता. आनी मागीर नाक खाला येवपाचें नांव घेना. वयर, वयर, वयर... आनी थंयच्यान दगड पडल्यावरी पडता."

चंद्रावतीच्या हातातली वाढायची पळी भातात तशीच राहिली. बाळासोचा घास तोंडाशी आला होता. तो त्यानं पानात ठेवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर वळवली. गोकुळदास डाव जागेवर ठेवून जेवू लागला.

"मूग गिळून बसलीं सगळीं," तो म्हणाला. "हुमण बरें जालां."

भांडी आवरल्याबरोबर चंद्रावतीनं बाळासोला मांगराच्या मागे गाठलं. तिला धड बोलताही येत नव्हतं. "खरवड. सगळें खरवडून काड. आज, आतां."

"खरवडून बघितलं मी, काकी. एका कोपऱ्यात बघितलं." बाळासोनं पत्र्याची पाती तिच्यापुढे धरली. पातीला पुट्टी होती आणि पुट्टीला लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटला होता. "प्लायच्या वरच्या थरासकट येतंय. काढली तर शेपूटच राहत न्हाई."

"मगे?"

"मग काय? सांगाय पायजे त्यांना."

म्हणजे आपणच. नवऱ्याला वाचवायला म्हणून आपण त्याच्या मरणाला सहा हात रंग दिला. रात्रभर चंद्रावती छताकडे बघत पडली होती. सांगितलं तर अकरा वर्षांची मेहनत बायकोनं बुडवली, हे त्याला कळणार. न सांगून तर चालणारच नव्हतं.

शनिवारी दुपारी ती मांगरात गेली. गोकुळदास सीटवर बसला होता. समोरच्या पट्टीवरची सगळी बटणं आता जोडलेली होती.

"बरें आयलें तूं," तो म्हणाला. "मागें वच आनी शेपटेचो दिवो पेटता काय पळय."

ती मागे गेली. शेपटीच्या टोकाला पांढरा दिवा लागला, विझला, परत लागला.

"पेटता," ती म्हणाली. आणि तिथूनच, दिव्याशेजारी उभी राहून, शेपटीकडे बघत, तिनं सगळं सांगून टाकलं. पुट्टी, सहा हात, बाळासोचा काही दोष नाही, मीच पाया पडले. बोलताना तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बोलता आलं.

दिवा लागलेलाच होता.

"म्हाका खबर आसा," गोकुळदास म्हणाला.

"कितें?"

"पयल्याच दिसा कळ्ळें. पुट्टीचो वास कसो लिपतलो? ताडपत्री बांदल्यार वास थांबता?"

चंद्रावती पुढे आली. सीटच्या कडेला धरून तिनं आत पाहिलं. "मगे कित्याक बोललात ना? तेन्नाच आडायलो आसतो तर..."

गोकुळदासानं उजवा हात बाहेर काढून कडेवर ठेवला. हात पत्र्यावर वाजत राहिला, टक टक टक टक, त्याला न जुमानता.

"ह्या म्हयन्यात एक वायर पयल्या खेपेक बसूंक ना," तो म्हणाला. "एक लेगीत ना, चंद्रा. तूं टॉर्च हलयता म्हणून म्हाका कितले दीस सांगपाचें? आनी गांवाक कितें सांगूं? हात कांपता म्हणून सोडलें? अकरा वर्सां हांसले ते. आतां कीव करतले. ती म्हाका सोसची ना." त्यानं मांगराच्या दाराकडे पाहिलं. दारात बाळासो उभा होता, किती वेळ कोण जाणे. "रंग जड जालो म्हणून सांगतलों. ताका कोण कितें म्हणतलो?"

"माझं नाव सांगा," बाळासो म्हणाला. "म्हणा, चंदगडच्या पेंटरनं वाट लावली. ट्रकवाला माणूस, त्याला काय कळतंय विमानातलं. सांगा बिनधास्त."

गोकुळदासानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं बटणं एकेक करून बंद केली.

"पंखांक आनी एक हात मार," तो म्हणाला. "जाड मार. आतां बरें तरी दिसूं दी."

आयतवारी खाणीच्या रस्त्यावर पन्नासेक माणसं जमली होती. विमान मांगरातून बाहेर आलंच नाही. गोकुळदास विमानाशिवायच चालत गेला आणि रंग जड झाला म्हणून सांगून आला. बाळासो मुद्दाम सोबत गेला होता. लोकांनी त्याला नको नको ते ऐकवलं, घाटी म्हणून हिणवलं. तो खाली मान घालून उभा राहिला. पुढे डिचोलीतल्या दोन गॅरेजवाल्यांनी त्याला काम द्यायचं बंद केलं, हे चंद्रावतीला नंतर कळलं.

सोमवारी सकाळी गोकुळदास आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बाहेर आला आणि चंद्रावतीपुढे उभा राहिला.

"साखळेचो बाजार आसा न्हय आज? कितें हाडूं?"

अकरा वर्षांत त्यानं हे विचारलं नव्हतं. चंद्रावतीला एकदम सुचेना. "नाल्ल हाडात," घरातले नारळ संपलेत हे आठवून ती म्हणाली. "सुके बांगडे बरे मेळ्ळे तर हाडात." तिनं त्याला पिशवी दिली. तो गेला.

बसथांबा घरासमोरच, रस्त्यापलीकडे. चंद्रावती दारात तांदूळ निवडायला बसली. साखळीची बस आली, थांबली, गेली. धूळ खाली बसली तेव्हा गोकुळदास तिथंच उभा होता. दुसरी बस आली. कंडक्टरनं दारातून ओरडून काहीतरी विचारलं, गोकुळदासानं नाही म्हणून मान हलवली, बस गेली. तिसऱ्या बसलाही तसंच झालं. उन्हात तो पिशवीची घडी हातात धरून उभा होता, ना वर बघत होता ना रस्त्याकडे. माणूस जिवंत होता. तिनं हेच मागितलं होतं, याच्यापलीकडे काही मागितलं नव्हतं. तांदूळ निवडता निवडता तिला रडू फुटलं, आणि तिनं सूप बाजूला सारलं.

घरातल्याच साडीवर ती चपला घालून रस्ता ओलांडून गेली. तो काही बोलला नाही. चौथी बस आली तेव्हा तिनं त्याचं कोपर धरलं आणि त्याला आधी चढवलं, मागून आपण चढली. खिडकीशी त्याला बसवलं.

कंडक्टर आला. "खंय?"

गोकुळदासानं चंद्रावतीकडे पाहिलं.

"साखळी," ती म्हणाली. "दोगां."