तावीच्या साळुंक्या

मोएआने तारेचा सापळा अंगणात टेकवला आणि धाप ओसरेपर्यंत त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली. तिचा थोरला दीर तावी पायरीवर बसून पावाचे तुकडे फेकत होता. भोवती साळुंक्यांचा बाजार भरला होता.

“ते धूड उचल आणि वर दरीत ने,” तावी म्हणाला.

“वर एकही साळुंकी सापळ्यात शिरत नाही, भाऊजी. जेवायला तुमच्याकडे, गुंडगिरी करायला वर.”

“पाखरं आहेत. भांडणारच.”

“दरीतल्या ओमामाओ पाखरांची पिल्लं मारतात. यंदा दोन घरटी गेली.”

“मग उंदीर धर. मांजरं धर.”

“धरतेच आहे की. उंदीर घरट्यांपर्यंत चढू नयेत म्हणून बुंध्यांना पत्रे ठोकून हात सोलले माझे.”

साळुंक्या ताहितीच्या नव्हेत, आजोबांच्या काळी कुणीतरी जहाजातून आणल्या, हे तावीला ठाऊक होतं. पण बायको गेल्यापासून या घरात आवाज होता तो त्यांचाच. वाकड्या पायाची एक तर हाकेला ओ द्यायची. तिला तो ‘म्हातारे’ म्हणायचा.

“तुझं ते काळं पाखरू मी उभ्या जन्मात पाहिलं नाही,” तो म्हणाला.

“मग चला.”

गुडघे कुरकुरत होते, तरी तो गेला. ओढा तीनदा ओलांडल्यावर मोएआने बोट दाखवलं. काळ्याभोर जोडीच्या मधोमध, फांदीला घट्ट धरून, तांबूस पिल्लू बसलं होतं. नुकतंच घरट्याबाहेर पडलेलं.

तावी त्याच्याकडे बघत असतानाच दोन साळुंक्या आल्या. आईबाप अंगावर धावून गेले, तरी त्या हटेनात. पिल्लू घसरून खाली नेच्यात पडलं, तशी एक साळुंकी त्याच्यामागे उतरली. तिचा पाय वाकडा होता.

“म्हातारे,” तावीने हाक मारली.

तिने मान वळवली आणि नेहमीसारखी उडून त्याच्या हातावर येऊन बसली. दुसरी मोएआने दगड मारून पळवली. मग तिने पिल्लाला ओंजळीत घेऊन फांदीवर ठेवलं. ते जिवंत होतं. ती वळली तेव्हा तावी पाठमोरा होता आणि त्याच्या मुठीतलं पाखरू हालत नव्हतं.

दोघं दरी उतरू लागली.

“सापळा अंगणात राहू दे,” तो म्हणाला. “पण बाहेर त्यांना मीच काढणार. परका हात नको.”

तसंच झालं. रोज सकाळी तो एकटाच ते काम उरकायचा. मोएआ त्या वेळी तिकडे फिरकत नसे.

काही आठवड्यांनी ती नारळाच्या दुधातली मासळी घेऊन आली.

“पिल्लू उडायला लागलं, भाऊजी. स्वतःचं स्वतः किडे धरतं.”

“बरं झालं.”

त्याने ताटली हातात घेतली. अंगणात वाऱ्याने पानं सरकत होती, तेवढाच आवाज. मोएआ जायला वळली.

“लगेच निघू नकोस,” तावी म्हणाला. “बस जरा. बोल काहीतरी.”