आधी सही कुणाची

रंगनाथआबांनी मुखत्यारपत्र मुद्दाम मुलगा सुदाम आणि मुलगी चंद्रकला दोघांच्या नावे केलं होतं. सहीच्या निमित्तानं तरी भावाबहिणीचा अबोला सुटेल, एवढीच म्हाताऱ्याची आशा.

आता राहात्याच्या शुश्रूषा केंद्रात आबा बेशुद्ध होते. शुगरनं पाय सडला होता. "पाय कापला तर वाचतील. दोघांच्या सह्या द्या," डॉक्टर म्हणाले.

चंद्रकलेनं नाइलाजानं भावाला फोन लावला. "दादा, तू थोरला. आधी तू कर."

"आबांची लाडकी तू. तूच कर," सुदाम म्हणाला.

म्हाताऱ्याला लंगडं केलं म्हणून भावकी पहिल्या सहीच्या नावानं बोटं मोडणार, हे दोघंही जाणून होते. कागद कोराच राहिला. आबा गेले.

देह ताब्यात घ्यायच्या कागदावर सही करायला चंद्रकलेनं पेन उचललं. तेवढ्यात येऊन पोचलेल्या सुदामनं ते हिसकावलं.

"थोरला मी हाय. आधी मी."