काचेवरची रेघ

गाडीचं दुखणं वस्तादाला लांबूनच कळतं, अशी त्याची ख्याती होती आणि ती पसरवण्यात खुद्द वस्तादाचा हात मोठा होता. गाडी गॅरेजच्या दारात लागायच्या आत तो आतून ओरडायचा, "चेन सैल आहे!" बहुतेक वेळा ती सैल असायचीही. चाळीस वर्षं पाने-पकडी फिरवल्यावर एवढं कुणालाही जमेल, पण वस्ताद ते जन्मजात देणगी असल्यासारखं मिरवायचा.

आज मात्र तो शटर अर्धं ओढून स्टुलावर बसला होता. तळहातावर शर्टाच्या बटणाहून जराशी मोठी, पिवळी पडलेली गोल काच होती, आणि ती तो उलटसुलट करून बघत होता.

समोरची मोटरसायकल दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. सव्वीस वर्षांची जुनी गाडी. दीड महिन्यापूर्वी भाची ती चालवत होती आणि दाजी मागे बसले होते. पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर वळण आलं आणि गाडी थांबली नाही. पोरीची कोपरं सोलवटली. दाजींचं खुब्याचं हाड मोडलं. "मी पुढचा ब्रेक दाबला, पण तो लागलाच नाही. दांडी थेट मुठीला टेकली," असं पोर रडत रडत सांगत होती. दाजी कण्हत म्हणत होते, हिनं दाबलाच नाही. मग हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगळ्यांनी वस्तादाकडे बघितलं. घरातला जाणकार तोच.

"ब्रेक चोख होते," वस्ताद म्हणाला होता. "चारच दिवसांपूर्वी मी स्वतः बघितलेत. पोरगी गांगरली असेल."

विषय मिटला. वस्ताद बोलला म्हणजे झालंच.

त्यानंतर गाडी बरेच दिवस ताडपत्रीखाली पडून होती. परवा ती गॅरेजात आली. हँडल सरळ झालं, दिवा नवा बसला. राहता राहिली ही काच. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीला ही एवढीशी खिडकी असते, चालवणाऱ्याला आत ऑइल किती आहे ते दिसावं म्हणून. उन्हापावसात ती पिवळी पडते, तिला बारीक तडे जातात. "एवढं केलंस तर तीही बदलून टाक," असा दाजींचा निरोप होता.

वस्तादाने काचेला मधोमध बारीक भोक पाडलं, त्यात स्क्रू पिळला आणि पकडीने ओढला. काच पट्कन हातात आली. उजेडात धरली तर आतल्या बाजूला बरोबर मध्यावर तपकिरी रेघ. चहाचा कप न विसळता ठेवला की आत उरते तशी. फडक्याने घासली, जाईना. मग त्याने काचेच्या रिकाम्या भोकातून टाकीत डोकावून बघितलं. टाकी कोरडी ठणठणीत होती, तळाशी फक्त काळा गाळ.

'पडल्यावर सांडलं असेल,' त्याने स्वतःला सांगून बघितलं. पण झाकण घट्ट होतं. झाकणाच्या दोन्ही स्क्रूंवर त्याने दोन वर्षांपूर्वी लावलेले पांढऱ्या रंगाचे ठिपके जसेच्या तसे होते. म्हणजे झाकण कुणी उघडलं नव्हतं, त्यानेही नाही. काचेच्या खोबणीत मात्र पांढरी बुरशीसारखी पुटं साचली होती. ऑइल तिथूनच थेंब थेंब गेलं होतं, कित्येक महिने. खाली पेट्रोलच्या टाकीवर रंगाला फोड आलेले. ब्रेक ऑइल रंग खातं हे गॅरेजात आठ दिवस काढलेल्यालाही ठाऊक असतं. आणि ते फोड बघून वस्ताद दाजींना काय म्हणाला होता? "उन्हात नका ठेवत जाऊ."

अपघाताच्या चार दिवस आधीचं सगळं त्याला आठवलं. दाजी घाईत होते. त्याने याच स्टुलावरून, बूडही न उचलता, त्या रेघेकडे बघितलं होतं, तीच ऑइलची पातळी समजला होता आणि म्हणाला होता, "अर्धी आहे, पुष्कळ झालं!" काचेवर विसंबू नये, हँडल हलवून आत ऑइल हिंदकळतं का ते बघावं, हे तो गिऱ्हाइकांना ऊठसूट ऐकवायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

झाकली मूठ सव्वा लाखाची. जुनी काच कचऱ्यात गेली की कुणाला कळणार होतं? शिवाय घरात आता कुठे शांतता झाली होती. महिनाभर दाजी पोरीशी बोलत नव्हते. गेल्या रविवारी तिने सगळ्यांसमोर कबूल केलं, "हो बाबा, मीच गांगरले," आणि दाजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वस्तादही तिथेच होता. त्याने तर तिची पाठही थोपटली होती.

त्याने कामाला हात घातला. खोबण खरवडून साफ केली, नवं रबरी कडं ओलं करून बसवलं, त्यावर नवी काच ठेवली आणि सरळ दाब देऊन आत ढकलली. तिरकी गेली तर पुन्हा गळणार. टाकी भरली. मग दांडी दाबत सोडत नळीतली हवा काढायला लागला. आधी दांडी लोण्यात बोट घालावं तशी मुठीपर्यंत जात होती. हळूहळू बोटांना टणकपणा लागायला लागला. पोरीने उतारावर दाबली तेव्हा हा टणकपणा तिथे नव्हता. वस्तादाचा हात दांडीवरच थांबला.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "झाली का रे गाडी?"

"होत आली, ताई."

"सावकाश कर, आता चालवणार तरी कोण! ही त्या लॅबच्या नोकरीला नाही म्हणतेय. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने आणायचे, गाडी चालवावीच लागते. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. म्हणते, माझ्या हातांचा मला भरवसा नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर इथे चिंधीने हात पुसत उभा. वस्तादाने काचेभोवती कोरडं फडकं गुंडाळलं, तीन तास ते ओलं होतंय का बघितलं, स्क्रूंवर नवे पांढरे ठिपके दिले आणि जुनी काच खिशात टाकून गाडी दाजींच्या घरी हाणली.

दाजी खुर्चीत होते, काठी गुडघ्यांत. ताई भाजी निवडत होती. भाची मोबाइल हातात घेऊन लॅबला निरोप टाइप करत होती. वस्तादाने काच टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसला असता तर बोलला नसता.

"अरे, पण तूच तर म्हणालास, स्वतः बघितलेत म्हणून!" दाजी म्हणाले.

"खोटं म्हणालो. रेघ बघितली, ऑइल नाही बघितलं."

"मग ही हो का म्हणाली?"

"हो म्हणणार नाही तर करते काय?" ताई उसळली. "महिनाभर तिच्या हातचं पाणी तरी घेतलंत का तुम्ही?"

दाजींनी काठीची मूठ चाचपली.

भाचीने काच उचलली आणि खिडकीपाशी जाऊन बघितली. "म्हणजे मी दाबला होता."

"दाबला होतास."

"मला माहीत होतं, मामा. बोटांना आठवत होतं. मग तुम्ही सगळे इतक्यांदा म्हणालात ना, की मलाही आठवेनासं झालं." ती रडली नाही. रडली असती तर वस्तादाला सोपं गेलं असतं.

ती बाहेर अंगणात गेली. वस्ताद मागोमाग गेला. तिने हँडल धरून डावी-उजवीकडे हलवलं. नव्या काचेत ऑइल हिंदकळलं.

"बघ, हलतंय," वस्ताद म्हणाला. "गच्च भरलीय टाकी. आता काळजी नाही."

तिने त्याच्याकडे न बघता हात पुढे केला. "स्क्रूड्रायव्हर दे."

'अगं, मी सांगतोय ना,' हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून दिला.

"त्या लॅबवाल्यांना काय कळवतेस गं?" दारातून ताईने विचारलं.

"थांब, आई. आधी बघू दे मला."

ती वाकली. पहिला स्क्रू फिरला आणि त्यावरचा ताजा पांढरा ठिपका दुभंगला. वस्ताद शेजारी झाकण धरायला उभा राहिला.