पांढऱ्या चौकटीखाली

मी एक जुना मॅक्रो आहे. मित्रांनो, मला हातपाय नाहीत. कोडच्या काही ओळी म्हणजे मी. प्रेझेंटेशनमधल्या प्रत्येक आकाराजवळ जायचं, त्याचा रंग, कडा, जागा तपासायची आणि दिसेल ते सांगून टाकायचं, हे माझं काम. भीडभाड मला शिकवलेलीच नाही.

२००४ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका चिप कंपनीत अहिल्याने मला लिहिलं. ती नागपूरची, नोकरीच्या व्हिसावर आलेली. एकत्र बांधलेल्या आकारांच्या आतही डोकवायला तिने मला शिकवलं. याचा मला फार अभिमान वाटे. टीममध्ये माझं कौतुक झालं. पुढे मॅक्रोमधून कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरेल या भीतीने सगळे मॅक्रो बंद ठेवू लागले आणि मी धूळ खात पडलो.

त्या टीममध्ये नवं प्रेझेंटेशन कुणी करतच नसे. जुन्या ग्राहकाची फाइल उघडायची, नाव बदलायचं आणि नको ते आकडे पांढऱ्या चौकटीने झाकायचे. झाकलं म्हणजे पुसलं, असंच सगळे धरून चालत.

एका दुपारी अशीच एक फाइल ग्राहकाला जायची होती. ती तयार केली होती अहिल्याचा मॅनेजर देवदत्त याने, पण पहिल्या स्लाइडवर नाव अहिल्याचं होतं. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने धूळ झटकून मला चालवलं. एका ग्राफच्या आत मला पांढरी, बिनकडेची चौकट सापडली. तिच्याखाली दुसऱ्याच कंपनीच्या चिपचे गुप्त आकडे होते. मी लगेच सांगितलं. अहिल्याचा चेहरा उतरला.

"देवदत्त, ग्राफमध्ये दुसऱ्या कस्टमरचा डेटा आहे."

"दिसत नाहीये ना? मग सेंड कर यार, कॉल सुरू होतोय."

"वर माझं नाव आहे. हे बाहेर गेलं तर जॉब जाईल माझा, व्हिसापण."

"अगं, आपण नेहमी असंच करतो. काही होत नाही."

अहिल्याने ग्राफचे एकत्र बांधलेले आकार सुटे करून चौकट आणि आकडे दोन्ही डिलीट केले, मला पुन्हा चालवलं आणि मगच फाइल पाठवली. उशीर झाला. देवदत्त धुसफुसत फोनजवळ बसला.

थोड्या वेळाने फोनवर ग्राहकाकडची बाई म्हणाली की ग्राफ आवडला, आमच्या स्लाइडमध्ये घेते, त्यासाठी आत्ताच सुटा करतेय. सुटा केला की चौकटीखालचं सगळं उघडं पडतं; देवदत्तने चटकन अहिल्याकडे पाहिलं. अहिल्याच्या लॅपटॉपवर मी उघडाच होतो आणि माझाही जीव टांगणीला लागला. मग ती बाई "पर्फेक्ट" म्हणाली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली.

फोन ठेवल्यावर देवदत्तने खुर्ची अहिल्याजवळ ओढली.

"अहिल्या, मी आधी पाठवलेल्या फाइल्सपण चेक करता येतील?"

"चेक करू. पण त्या तर गेल्या ना?"

त्याने मान खाली घातली. मला त्याचीही दया आली. मित्रांनो, मी शोधू शकतो, पण गेलेलं परत आणू शकत नाही. फाइल तुमच्या हातात आहे तोवरच मला हाक मारा.